चार बोटं

इमारतीच्या मालकाचं पत्र आलं आणि दुसऱ्या दिवशी
गुल नबी ड्रिल घेऊन दारात.
चपला बाहेर काढल्या, शिडी आत घेतली,
चौदाव्या मजल्यावरच्या आमच्या तिन्ही खिडक्यांना
त्यानं कड्या बसवल्या.
आता खिडकी चारच बोटं उघडते.
"पाचवं बोट बाहेर गेलं तर माझी नोकरी गेली," हिंदीत म्हणाला.
हसला, पण खांदा लावून प्रत्येक काच ढकलून पाहिली.
मी लबनमध्ये जिरं-हिंग घालून ताकासारखं केलेलं दिलं.
ते उभ्यानंच प्यायला.
चादरीवर ॲल्युमिनियमचा चुरा चमकत होता.

तनुज तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली होता,
टॅबलेट घेऊन.
जुलै. शारजात सत्तेचाळीस.
बागेतली घसरगुंडी तव्यासारखी, शाळा बंद,
बाबा रुवैसला, पंधरा दिवसांनी येणारे,
आणि मला दुपारपर्यंत
जबल अलीच्या अकरा कंटेनरांची कोटेशनं पाठवायची.
टॅबलेट मीच दिला होता, माझ्या हातानं.
घर शांत झालं की मला बरं वाटायचं.
हे कुणाला सांगितलं नव्हतं. आता लिहितेय.

रात्री दात घासताना तोंडात फेस धरूनच त्यानं विचारलं,
"अस्वलाचे दात त्याच्या आईनंच का उपटले?"
कुठलं अस्वल?
"निळं. गाणं म्हणतं ते."

तो झोपल्यावर त्याची हिस्टरी उघडली.
सहा वर्षांच्या मुलाचा इतिहास.
तेच निळं अस्वल, तोच आवाज, तेच गाणं,
तिसऱ्या मिनिटापर्यंत सगळं तेच.
मग पक्कड.
आई अस्वल हसत होती.
मला शेवटपर्यंत बघवलं नाही.
त्यानं अकरा वेळा बघितलं होतं.

रुवैसला फोन लावला. "लॉक कर," हा म्हणाला,
"नाहीतर फोडून टाक," आणि रेंज गेली.
लॉक केलं. आकडा, त्याचीच जन्मतारीख.
दोन दिवसांत उघडलं त्यानं.
मग चिपळूणच्या घराचा पिनकोड घातला,
तो अजून त्याला माहीत नाही.

पण अकरा वेळा का, हे राहिलंच होतं.
चौथ्या दिवशी भेंडी चिरताना, त्याच्याकडे न बघता, विचारलं.
तोही भेंडीची देठं रांगेत लावत होता.
म्हणाला, "मला वाटायचं, या वेळी थांबेल ती."

भेंडी तशीच राहिली. मी गॅस बंद केला.
काय बोलले आठवत नाही.
बहुतेक काहीच बोलले नाही.

आता टॅबलेट फ्रिजवर असतो.
संध्याकाळी सहाला खाली येतो, ओट्याशेजारी,
माझ्या तव्याच्या बाजूला तोंड करून.
मी मान वळवून बघत राहते आणि एक तरी पोळी करपतेच.
कधी तोच बोट टेकवून थांबवतो,
म्हणतो, "आई, याचं गाणं बरोबर वाटत नाहीये."
आम्ही दोघं बघतो. कधी त्याला उगाच वाटलेलं असतं,
कधी नसतं.

गुल नबी परवा कड्या तपासायला आला.
तनुजनं त्याला विचारलं, "या कायमच्या आहेत?"
"तुझी उंची माझ्याएवढी होईपर्यंत," तो म्हणाला.
तनुज त्याच्या खांद्याकडे बराच वेळ बघत होता.

आणि गेल्या आठवड्यात
त्याचा खालचा, पुढचा दात हलायला लागला.
मला कळलं, कारण तो सफरचंद नको म्हणाला,
आणि मी जवळ गेले की तोंडावर हात.
मी हात मांडीवर ठेवले.
तीन दिवस ठेवले.
घासायला ब्रश त्याच्याकडे, पेस्ट त्याच्याकडे,
मी दाराच्या चौकटीला टेकून.

काल रात्री दिवा घालवायच्या आधी
त्यानं हात बाजूला केला, तोंड उघडलं.
"फक्त बघ," म्हणाला. "हात लावू नकोस."

बघितला.
खिडकीच्या चार बोटांतून गरम वारा येत होता,
आणि तो जिभेनं दात हलवून दाखवत होता,
पुढे, मागे,
पुढे.